अनुदानाची फाइल: खान्देशातल्या शेतकऱ्याने कोणता कागद कधी जपायचा

अनुदान मंजूर होणं वेगळं आणि ते खात्यात पडणं वेगळं. मधली वाट सगळी कागदांची आहे. रावेरच्या केळीत ठिबक व्यवस्थित चालू असतं, शिंदखेड्याकडे शेततळं भरलेलं असतं, शहाद्यात रोटाव्हेटर दोन हंगाम फिरून झालेला असतो, तरी पैसे अडकलेले असतात. कारण विचारलं तर बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या, म्हणजे खरेदीच्या सरकारी परवानगीच्या, आधीची निघते, सातबाऱ्यावरचं नाव आधारशी जुळत नाही, नाहीतर फोटोवर ठिकाणच उमटलेलं नसतं. काम खरं झालेलं असतं, पण ते झालं हे दाखवायची जबाबदारी शेतकऱ्यावर असते. अनुदान सरकारी तिजोरीतून येतं, त्याचं लेखापरीक्षण होतं आणि पैसे मिळून काही वर्षं लोटल्यावरही विचारणा होऊ शकते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत महाडीबीटी (योजनांच्या अर्जांचं राज्याचं पोर्टल), जिल्हा परिषद, पोकरा (निवडक गावांतला हवामान-अनुकूल शेतीचा सरकारी प्रकल्प), फळपीक विमा किंवा नुकसानीची मदत यांपैकी काहीही घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. कागदांच्या संख्येने काही होत नाही. सगळ्या कागदांवर नाव, गट नंबर आणि तारखांचा क्रम एकमेकांशी जुळला की काम होतं. तपासणारा माणूस याच तीन गोष्टी बघतो.

अर्जाच्या आधी फाइल उघडा

एका योजनेला एक फाइल. ठिबकचे, ट्रॅक्टरचे आणि पीएम किसानचे कागद एकाच पिशवीत कोंबले की ऐनवेळी काहीच सापडत नाही. साधी दोरीची फाइल पुरते. वर योजनेचं नाव, अर्ज क्रमांक, गट नंबर आणि ज्याच्या नावावर अर्ज आहे त्याचं नाव ठळक लिहा. आत पहिलं पान कोरं ठेवा, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

फाइलमध्ये आधी जायला हवेत ते कागद असे: ताजा सातबारा आणि आठ-अ म्हणजे खातेउतारा, आधारची प्रत, बँक पासबुकाचं पहिलं पान, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि शेतकरी ओळख क्रमांक. हा क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी बंधनकारक आहे. ज्यांनी अजून काढला नसेल त्यांनी बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी तो काढावा. सातबारा डिजिटल सहीचा घ्या. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि त्यावर पुन्हा शिक्का मारून आणायची गरज नसते.

आता आधार, सातबारा आणि पासबुक असे तीन कागद ओट्यावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षरागणिक वाचा. आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर ‘नथ्थू’ असतं, दुसऱ्यावर ‘नथू’. सातबाऱ्यावर नुसतं ‘आप्पा’ लागलेलं असतं आणि आधारवर पूर्ण नाव. लेवा पाटीदार घरांत तर कधी पाटील, कधी चौधरी, कधी महाजन असं आडनावही बदललेलं सापडतं. संगणकाला हे सगळे वेगळे माणूस वाटतात. आधारवरचं नाव आधार केंद्रावर दुरुस्त होतं, सातबाऱ्यावरचं ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे अर्ज करून. सातबाऱ्याच्या दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून योजना जाहीर व्हायची वाट बघू नका. दुरुस्तीच्या अर्जाची पोच मात्र फाइलमध्ये लावाच. काम चालू आहे याचा तेवढाच पुरावा असतो.

सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भाऊ पुण्याला, बहीण सुरतेला असं असेल तर त्यांच्या सह्या दिवाळीला किंवा लग्नकार्याला सगळे गावात असताना घेऊन ठेवाव्यात. आणि जमीन बाईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्या नावाने, बिल तिच्या नावाने आणि पैसे भरायचे तेही तिच्याच खात्यातून. दुकानात नवरा गेला म्हणून बिल त्याच्या नावावर फाडलं, एवढ्या एका कारणाने प्रस्ताव परत येतात. यांत्रिकीकरणात महिला शेतकऱ्याला ५० टक्क्यांच्या गटात धरलं जातं, त्यामुळे हे नाव नीट सांभाळणं फायद्याचंही आहे.

कोऱ्या पानावर तारखा

ते पहिलं कोरं पान तारखांचं. अर्ज केला ती तारीख, निवड झाल्याचा संदेश आला ती तारीख, कागदपत्रं अपलोड केली ती, पूर्वसंमती मिळाली ती, खरेदी केली ती, बिल अपलोड केलं ती, मोका तपासणी म्हणजे जागेवर येऊन पाहणी झाली ती, पैसे आले ती. आठ ओळी, प्रत्येकीसमोर तारीख. सगळ्या तारखा वरून खाली पुढे सरकत गेल्या पाहिजेत. एखादी मागे गेली तर तिथेच प्रस्ताव अडकणार हे समजून घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान पूर्वसंमती आणि बिल यांच्या उलट्या क्रमामुळे होतं. नियम साधा आहे: आधी पूर्वसंमती, मग खरेदी. पण पेरणी तोंडावर असते, विक्रेता म्हणतो, ‘भाऊ, घेऊन जा आज, बिल मागाहून करू,’ आणि माणूस औजार घरी आणतो. मग बिलावर एक तारीख, डिलिव्हरी चलनावर दुसरी, ट्रॅक्टर असेल तर आरसी बुकावर तिसरी. तारखा मागेपुढे करून दिलेलं बिल आज निभावलं तरी लेखापरीक्षणात उघडं पडतं, आणि वसुलीची नोटीस विक्रेत्याला येत नाही, तुम्हाला येते. हंगाम हुकत असेल तर औजार भाड्याने घ्या, पण पूर्वसंमतीच्या आधी खरेदी करू नका.

पूर्वसंमतीच्या पत्रात किती दिवसांत खरेदी करून बिल अपलोड करायचं ते लिहिलेलं असतं. ती शेवटची तारीख लाल पेनाने त्याच पानावर लिहा आणि घरातल्या शिकलेल्या पोराच्या मोबाईलमध्ये गजर लावून ठेवा. मुदत गेली की निवड आपोआप रद्द होते आणि नव्याने रांगेत उभं राहावं लागतं.

महाडीबीटीवर अर्जाचे २३ रुपये ६० पैसे भरल्याची पावती निघते. तिची प्रत काढा. २०२५-२६ पासून सोडतीऐवजी प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य सुरू झालंय, म्हणजे तुमचा नंबर तुमच्या अर्जाच्या तारखेवरून ठरतो. त्या तारखेचा पुरावा ही पावतीच आहे. सेवा केंद्रवाल्याच्या संगणकात असलेली फाइल तुमची समजू नका. तो उद्या दुकान बदलेल. लॉगिनचं नाव आणि पासवर्डही स्वतःकडे लिहून घ्या, आणि ओटीपी ज्या मोबाईलवर येतो ते सिमकार्ड घरातच राहील असं बघा.

बिल, अगदी जवळून

कृषी केंद्रातून निघणारं छोटं गुळगुळीत बिल हाताच्या नखाने घासून बघा. काळी रेघ उमटली तर ते उष्णतेवर छापलेलं आहे. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात भिंतीला टांगलेलं असं बिल दसऱ्यापर्यंत पांढरं पडतं. त्याच दिवशी दोन झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये सरळ, सावली न पडू देता फोटो घ्या. मोठ्या औजारासाठी आणि ठिबकासाठी तर ए-फोर कागदावरचं छापील कर बिलच मागा.

बिल हातात आल्यावर दुकानातून निघायच्या आधी वाचायच्या गोष्टी: तुमचं पूर्ण नाव आणि गाव, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक व तारीख, औजाराचं मॉडेल, कंपनीचा अनुक्रमांक, ट्रॅक्टर असेल तर इंजिन आणि चॅसिस क्रमांक, आणि कर धरून एकूण रक्कम. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, ठिबक-तुषार संच आणि बहुतेक शेती औजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. त्यानंतरच्या बिलावर १२ टक्के दिसले तर तिथेच विचारा.

अनुक्रमांकाबद्दल थोडं थांबून सांगतो. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सच्या बाजूला किंवा फ्रेमवर एक पत्र्याची पट्टी रिबिटने ठोकलेली असते, तिच्यावर मॉडेल आणि नंबर कोरलेला असतो. नवीन असताना तो स्वच्छ वाचता येतो. एका हंगामात काळ्या मातीचा थर बसतो, रंग उडतो आणि ३ आहे की ८ हे ओळखू येत नाही. तपासणीला आलेला अधिकारी ती पट्टी पुसून बिलावरच्या नंबराशी ताडतो. एक अंक चुकला तरी शेरा पडतो. म्हणून औजार दुकानातून उचलताना पट्टीचा जवळून फोटो घ्या, बिल तिच्याशेजारी धरून. बिलावर नंबर चुकीचा टाइप झाला असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या. महिन्याभराने विक्रेता हात वर करतो.

ठिबकाच्या बाबतीत हीच काळजी नळीवर घ्यायची. लॅटरलवर ठरावीक अंतरावर कंपनीचं नाव आणि आयएसआयची खूण छापलेली असते. बिलात एक कंपनी आणि शेतात दुसऱ्याच कंपनीची नळी असली की संच अपात्र. पाइप उलगडताना त्या छपाईचा एक फोटो काढून ठेवा, कारण नळी केळीच्या पाचोळ्याखाली गेली की पुन्हा शोधणं अवघड. संचाबरोबर कंपनीचा माणूस शेताचा आराखडा देतो. त्यात गट नंबर, क्षेत्र, दोन झाडांमधलं अंतर आणि नळ्यांची मांडणी असते. आराखड्यातलं क्षेत्र, बिलातल्या नळीची लांबी आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र यांचा मेळ बसायला हवा.

पैसे बँकेतून द्या. चेक, आरटीजीएस, यूपीआय काहीही चालेल, पण खात्यातून गेलेलं दिसलं पाहिजे. त्या महिन्याचा खाते उतारा काढून ती ओळ अधोरेखित करून बिलाच्या मागे लावा. इथेच एक अपप्रकार चालतो, त्याबद्दल स्पष्ट बोलतो. ‘बिल वाढवून करतो, तुम्हाला तुमचा हिस्सा भरावाच लागणार नाही,’ असं कुणी सांगितलं तर त्या दुकानातून उठून या. ठिबकला केंद्राचं ५५ टक्के आणि राज्याचं पूरक २५ टक्के मिळून अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, इतरांना ४५ आणि ३० मिळून ७५ टक्क्यांपर्यंत. उरलेला वाटा शेतकऱ्याने खरोखर भरलेला असणं अपेक्षित आहे. वाढीव बिलावर सही तुमची असते आणि चौकशीत उभं तुम्हालाच राहावं लागतं. ज्यांच्या घरात पैसा नाही अशांनाच या जाळ्यात ओढलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

फोटो

मोबाईलचं लोकेशन चालू करून, अक्षांश-रेखांश आणि तारीख फोटोवर उमटेल असं ॲप वापरून फोटो काढायचे. प्रत्येक कामाचे तीन टप्पे: काम सुरू व्हायच्या आधीची जागा, काम चालू असताना, आणि पूर्ण झाल्यावर. तिन्ही फोटो एकाच जागेवरून आणि एकाच दिशेने काढा, मागे विजेचा खांब, निंबाचं झाड, विहिरीचं थारोळं असं काहीतरी कायमचं दिसू द्या. विहिरीत आणि शेततळ्यात ‘आधीचा’ फोटो सगळे विसरतात, आणि खड्डा खणल्यावर तो काढता येत नाही.

व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोच्या फाइलमध्ये दडलेली ठिकाणाची माहिती गळून जाते. म्हणून मूळ फोटो मोबाईलमध्येच ठेवू नका, ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मोबाईल हौदात पडला की तीन वर्षांचा पुरावा बुडाला.

शेताची वही

काही अनुदानं एकदाच मिळत नाहीत, हप्त्याने मिळतात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागून येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा हप्ता किती झाडं जगली यावर ठरतो. इथे बिलाइतकीच वहीही महत्त्वाची. लावलेल्या रोपांची ओळवार संख्या, रोपवाटिकेचं बिल, कोणत्या ओळीत किती मेली, कधी नांगी भरली, पाणी कशाने दिलं, एवढं लिहिलं तरी पुरे. मोजणीला आलेल्या माणसाबरोबर तीच वही घेऊन ओळीओळीने फिरा. तो काय आकडा लिहितो ते तिथेच बघा, चार दिवसांनी ऑफिसात भांडण्यापेक्षा ते सोपं असतं. रोजगार हमीतून फळबाग किंवा विहीर घेतली असेल तर जॉब कार्डावरच्या नोंदी हजेरीपटाशी जुळतात का तेही बघत राहा.

दुसरी नोंद ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतातलं पीक मोबाईल ॲपवरून सातबाऱ्यावर नोंदवायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. आपल्याकडे कपाशीच्या धबडग्यात लोक ती राहू देतात, नाहीतर गेल्या वर्षीचंच पीक पुन्हा टाकतात. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी सरकारने हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत दिले, तेव्हा पात्रता आधी ई-पीक पाहणीवरूनच ठरली होती. शेतात कपाशी असूनही नोंद नाही म्हणून किती जणांना खेटे घालावे लागले ते धरणगाव, अमळनेर, पारोळा भागातल्या लोकांना चांगलं आठवत असेल. खरीप, रब्बी, उन्हाळी अशी प्रत्येक हंगामात नोंद करा, मुदत संपायच्या आधी, शेतात उभं राहून. नोंद झाल्याच्या पडद्याचा फोटो काढा आणि नंतर सातबाऱ्यावर पीक चढलं का तेही उघडून बघा.

वादळ, गारपीट, विमा

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगरच्या पट्ट्यात मे-जूनमध्ये वादळ येतं आणि अर्ध्या तासात कापणीला आलेली बाग आडवी होते. त्या दिवशी कागदाचं डोकं कुणाला राहत नाही. पण घड्याळ तेव्हाच सुरू झालेलं असतं. केळीच्या हवामान आधारित फळपीक विम्यात गारपीट किंवा वादळी वाऱ्याचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. म्हणून बाग बघितल्याबरोबर आधी फोटो काढा. बांधावरून एक, आत शिरून दोन-तीन, मोडलेल्या खोडांचे, ठिकाण उमटेल असे. मग १४४४७ वर किंवा ॲपवरून सूचना द्या. मिळालेला क्रमांक आणि फोन केल्याची वेळ वहीत लिहा. सर्वेक्षणाला विमा कंपनीचा प्रतिनिधी येईपर्यंत आडवी झाडं काढून शेत रिकामं करू नका. काढावंच लागलं तर आधी सगळ्या बाजूंनी चित्रण करून ठेवा. पंचनाम्यावर सही करताना बाधित क्षेत्राचा रकाना भरलेला आहे ना ते बघा, कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि त्या कागदाचा फोटो घ्या.

थंडी किंवा अतिउष्णतेचं प्रकरण वेगळं आहे. तिथे भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवरून ठरते, तुमच्या शेताचे फोटो लागत नाहीत. पण विम्याच्या पावतीवर मंडळ, गट नंबर, क्षेत्र आणि पीक बरोबर आहे का, हे भरतानाच बघावं लागतं. केळी नसलेल्या गटावर केळीचा विमा काढल्याची प्रकरणं जळगाव जिल्ह्यात झाली, त्यामुळे पडताळणी आता कडक असते आणि प्रामाणिक शेतकऱ्याचाही अर्ज बारकाईने बघितला जातो. लागवडीच्या तारखेसह बागेचा फोटो आणि टिशूकल्चर रोपांचं बिल फाइलमध्ये असेल तर बोलायला जागा राहते. खरिपातल्या पीक विम्याची भरपाई २०२५ पासून मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरते. तिथे पावती आणि ई-पीक पाहणी, दोनच कागद महत्त्वाचे.

अतिवृष्टीची सरकारी मदत ही विम्याहून वेगळी, तिची फाइलही वेगळी ठेवा. पंचनाम्यानंतर यादीत तुमच्या नावापुढे एक विशिष्ट क्रमांक येतो, केवायसी मागितली असेल तर तो घेऊन सेवा केंद्रात ती करायची असते. केवायसीची पावती जपा. मदत पडली नाही तर हाच क्रमांक घेऊन तहसील कार्यालयात जायचं असतं.

सातपुड्याकडे आणि जिल्हा परिषदेच्या योजनांत

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, तसंच साक्रीच्या पश्चिम भागात अनेकांकडे जमीन वनपट्ट्याची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित माणसाचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने असतो. त्यामुळे अर्ज कोणाच्याही नावाने असो, दोघांचे आधार फाइलमध्ये ठेवावेत. वनहक्क प्रमाणपत्राबरोबर मोजणीचा नकाशाही जोडलेला असतो. पुष्कळ घरांत प्रमाणपत्र सापडतं, नकाशा नसतो. तो ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडून किंवा उपविभागीय कार्यालयातून मिळवून ठेवा, कारण विहीर किंवा फळबाग नेमकी पट्ट्याच्या आतच आहे हे त्यावरूनच सांगता येतं. मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हातात द्यायचं नाही, फक्त झेरॉक्स द्यायची. ते हरवलं तर पुन्हा मिळवताना पिढी थकते.

बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडून चालतात. ठिबक, यांत्रिकीकरणाचं काम तालुका कृषी अधिकाऱ्याकडे असतं. अर्ज एकाच महाडीबीटीवर होत असले तरी फाइल कोणत्या कचेरीत आहे ते वेगळं, हे माहीत नसल्यामुळे लोक महिना महिना चुकीच्या टेबलासमोर उभे राहतात. फाइलच्या वरच्या पुठ्ठ्यावर कार्यालयाचं नाव लिहून टाका. पोकराच्या गावांत तर पोर्टलही वेगळं आहे.

शेतकरी गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने औजार बँक (भाड्याने द्यायच्या औजारांचा संच) घेतली असेल तर साठा नोंदवही, भाड्याची नोंदवही, औजार कोणाकडे किती तास गेलं त्याचं लॉगबुक आणि सभेचे ठराव हे चार दप्तर एका ठरलेल्या माणसाच्या जबाबदारीवर असू द्या. सगळ्यांचं काम म्हटलं की कुणीच लिहीत नाही.

पैसे आल्यावर

अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतं. अर्जासोबत दिलेलं पासबुक एका बँकेचं आणि आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं, असं झालं की माणूस भलत्याच पासबुकात पैसे शोधत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर आपलं आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलंय ते दिसतं, अर्ज करायच्या आधी एकदा बघून घ्या. पैसे आल्यावर पासबुकात नोंद मारून घ्या आणि त्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहा: ठिबक, गट अमुक. बँकेच्या नोंदीत योजनेचं नाव बऱ्याचदा अर्धवट येतं. दोन वर्षांनी कोणते १२ हजार कशाचे ते सांगता येत नाही.

पीएम किसानसाठी एक सूचना, जी घरात बोलायला जड जाते. खातेदार वारल्यावर त्याच्या खात्यात येत राहिलेले हप्ते नंतर वसूल केले जातात. मृत्यूचा दाखला आणि वारस नोंदीचा फेरफार हाती आला की कृषी विभागाला कळवा आणि कळवल्याची पोच ठेवा.

केळीचे चिप्स, मिरची पूड असा प्रक्रिया उद्योग पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेतून उभा केला असेल तर ३५ टक्के, कमाल १० लाखांचं अनुदान लगेच हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं वेगळं राहतं, आणि कर्ज नियमित व उद्योग चालू असेल तरच खात्यात वळतं होतं. म्हणजे त्या तीन वर्षांचे हप्ते, विक्रीची बिलं, वीज बिल हे सगळं अनुदानाच्याच फाइलचा भाग आहे.

किती वर्षं ठेवायचं

पैसे मिळाले की फाइल माळ्यावर जाते, वाळवी लागते. मग तपासणीला कुणी आलं की अमळनेर-पारोळ्याकडच्या घरात प्रश्न उठतो, ‘आप्पा, बिल कोठे शे?’ माझं मत असं की त्या वस्तूच्या अटी जितकी वर्षं चालतात तितकी वर्षं फाइल खाली हाताशी असावी. ठिबकला त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान सात वर्षांनी मिळू शकतं आणि एका लाभार्थ्याला मर्यादा पाच हेक्टरची आहे. आधी कोणत्या गटावर किती क्षेत्रासाठी घेतलं याचा पुरावा त्यामुळे तुम्हालाच लागणार. यांत्रिकीकरणात त्याच औजारासाठी पुढची दहा वर्षं अर्ज करता येत नाही, तेव्हा ती फाइल दहा वर्षं ठेवा. औजार अमुक काळ विकणार नाही असं हमीपत्र दिलेलं असतं. त्याची प्रत वाचा, कारण विकण्याचा मोह दुष्काळी वर्षातच होतो. सौर पंपाची देखभाल आणि हमी पाच वर्षांची असते. पंपाचे क्रमांक, हमीपत्र आणि तक्रार केल्याच्या नोंदी तेवढा काळ सांभाळा. जमीन आणि वनपट्ट्याचे कागद कायमचे.

प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, लोखंडी पेटीत, जमिनीपासून वर. दोन कडुनिंबाची पानं आत टाकली तर उत्तम. आणि पेटी कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या, त्यातली एक बाई असावी, कारण तपासणीला माणूस येतो तेव्हा ती घरी असते.

कागद हरवला किंवा फाइल अडली तर

बिल हरवलं तर विक्रेत्याकडे लेखी अर्ज देऊन दुसरी प्रत मागा. जीएसटी कायद्याप्रमाणे विक्रेत्याला आपल्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात, त्यामुळे सहा वर्षांच्या आत ‘आमच्याकडे काही नाही’ हे उत्तर ऐकून परत यायचं कारण नाही. पूर्वसंमती आणि अर्जाच्या पावत्या लॉगिनमधून पुन्हा निघतात.

प्रस्ताव अडला असेल तर तोंडी विचारत फिरू नका. सहायक कृषी अधिकारी म्हणजे पूर्वीचे कृषी सहायक, त्यांच्याकडे आधी जा. त्रुटी असेल तर ती लेखी किंवा पोर्टलवर दाखवायला सांगा. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तरीही उत्तर नाही तर माहितीचा अधिकार २००५ खाली १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. त्यात ‘माझं अनुदान का नाही’ असं विचारू नका. माझ्या अमुक अर्ज क्रमांकाच्या मोका तपासणी अहवालाची प्रत, त्यावरच्या शेऱ्यांची प्रत आणि प्रस्ताव सध्या कोणत्या कार्यालयात आहे याची नोंद, असं नेमकं मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते आलं की तारखांच्या पानावर नववी ओळ लिहा आणि अहवालातला शेरा तुमच्या बिलाशी, फोटोशी ताडून बघा. बहुतेक वेळा चूक एका आकड्याची किंवा एका अक्षराची निघते, आणि ती दुरुस्त करायला लागणारा कागद तोवर फाइलमध्ये असतो.